तिबेट : अष्टापदापासून गोठणगावापर्यंत



पौष वद्य त्रयोदशीला श्वेतांबर परंपरेत आणि दुसऱ्या दिवशी, चतुर्दशीला, दिगंबर परंपरेत भगवान ऋषभदेवांचे निर्वाणकल्याणक साजरे होते. बाकीच्या तेवीस तीर्थंकरांच्या निर्वाणभूमी आपल्याला ठाऊक आहेत. वीस एकट्या सम्मेदशिखरावर, आणि चंपापुरी, गिरनार व पावापुरी येथे एकेक. तिकीट काढले, धर्मशाळेत खोली मिळाली की तेथे जाता येते. पहिल्या तीर्थंकरांची निर्वाणभूमी मात्र नकाशावर बोट ठेवून दाखविता येत नाही. तिचे नाव अष्टापद. भरत चक्रवर्तींनी पर्वताचे कडे तासून एकेका योजनाच्या आठ पायऱ्या केल्या, वर चोवीस तीर्थंकरांच्या प्रतिमा चार, आठ, दहा आणि दोन अशा चार दिशांना बसविल्या, पुढे सगरपुत्रांनी भोवती खंदक खणला, आणि गौतमस्वामी सूर्यकिरणांच्या आधाराने वर जाऊन वंदन करून आले, ही कथा आपण व्याख्यानात लहानपणापासून ऐकत आलो. तो पर्वत हिमालयापलीकडे आहे, एवढेच मनात ठसलेले असते.

आजचा कैलास तोच अष्टापद, असे मानणारे आपल्यात पुष्कळ आहेत. नाही म्हणणारेही आहेत, आणि दोन्ही पक्षांत विद्वान आहेत. मी वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर विद्यार्थी. त्या वादात पडण्याचा अधिकार मला नाही. पण आपल्या घराघरांत तिबेट हे नाव शिरले ते या वाटेने, एवढे खरे.

२०१८ च्या जून महिन्यात आम्ही अमरावती परिसरातील अकरा जण काठमांडूमार्गे कैलासला गेलो. सरकारी यात्रेत सोडतीने नाव निघावे लागते. ती १९८१ पासून उत्तराखंडातील लिपुलेख खिंडीतून आणि २०१५ पासून सिक्कीममधील नाथूलामार्गेही जाते. २०२० ते २०२४ ही पाच वर्षे ती बंद होती. २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा सुरू झाली तेव्हा लिपुलेखमार्गे अडीचशे आणि नाथूलामार्गे पाचशे, अशा साडेसातशे यात्रेकरूंना जागा होती. सबंध देशात साडेसातशे! म्हणून व्यापारी मंडळी बहुधा नेपाळमार्गेच जातात.

नेपाळची हद्द ओलांडून क्यिराँगच्या दरीत उतरलो तेव्हा हे तिबेट आहे यावर विश्वास बसेना. हिरवी झाडे, धबधबे, ओलसर हवा. मोटार जशी चढू लागली तशी झाडे संपली, मग झुडपे संपली, मग गवतही पिवळे पडत गेले. पाच हजार मीटरच्या खिंडीवर फक्त दगड, वारा आणि पाच रंगांच्या पताका. वऱ्हाडातल्या माणसाला उजाड माळ नवा नाही. पण आपला माळ उन्हाने भाजलेला असतो. तिथला माळ थंडीने वाळलेला आहे आणि त्यावरचे आकाश इतके निळे की वर पाहताना डोळे आपोआप मिटतात. डाव्या-उजव्या हाताला हिमशिखरे बसून राहिल्यासारखी दिसतात. तासभर मोटार धावते आणि शिखर जागचे हलत नाही.

सागा हे वाटेतले मोठे गाव. गाव म्हणजे चीनने बांधलेला रुंद डांबरी रस्ता, दुतर्फा सारख्या उंचीच्या इमारती, चौकाचौकांत कॅमेरे. जुनी तिबेटी घरे मागच्या गल्लीत. तिथे पांढऱ्या भिंती, खिडक्यांना काळी चौकट, छपरावर सरपणाची रास आणि अंगणात वाळत घातलेल्या याकच्या शेणाच्या गोवऱ्या. गोवऱ्या पाहून आमच्यातल्या एका काकूंना फार बरे वाटले. परक्या मुलुखात ओळखीचे काही दिसले, असे त्या म्हणाल्या.

मानसरोवर सुमारे ४,५९० मीटरवर आहे. दक्षिणेस गुर्ला मांधाता, उत्तरेस कैलास. गुर्ला मांधाता ७,६९४ मीटर आणि कैलास ६,६३८ मीटर, म्हणजे उंचीने कैलास हजार मीटरने कमीच. तरी पाहणाऱ्याची नजर कैलासावरून हटत नाही, कारण तो एकटा उभा आहे. भोवतालच्या डोंगरांशी त्याचे नाते दिसत नाही. त्याच्या आसमंतातून चार दिशांना सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा आणि कर्णाली या नद्या निघतात. त्याच्यावर आजवर कोणी चढलेले नाही. तिबेटी लोक त्याला कांग रिन्पोचे म्हणतात. हिमाचे अमूल्य रत्न, असा त्याचा अर्थ. बौद्ध आणि हिंदू त्याला उजवी घालतात, बोन नावाच्या तिथल्या प्राचीन पंथाचे लोक डावी घालतात, आणि समोरासमोर आले की एकमेकांना वाट देतात.

आम्ही चिउ गोम्पाच्या टेकडीखाली, सरोवराच्या काठावर भावपूजा केली. समोर ना मंदिर, ना चरणपादुका, ना ध्वज. आपल्याला मूर्ती, शिखर, पुजारी, बोलीचा आवाज यांची इतकी सवय असते की पहिली दहा मिनिटे हात जोडून नेमके कुठे पाहावे तेच कळेना. नंतर जे झाले ते शब्दांत मांडणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे.

परिक्रमा सुमारे ५२ किलोमीटरची. दारचेनहून निघून पहिला मुक्काम दिरापुक गोम्पापाशी, कैलासाच्या उत्तर कड्यासमोर. दुसऱ्या दिवशी साधारण ५,६३० मीटर उंचीची डोल्मा ला खिंड, आणि पुढे झुथुलपुक गोम्पा. आमच्यातले चौघे खिंड ओलांडून गेले. मी दिरापुकलाच थांबलो. साठी ओलांडलेल्या छातीला डॉक्टरांनी तेवढीच परवानगी दिली होती. आपल्याला तीन दिवस लागतात ती वाट तिबेटी माणसे पहाटे निघून एका दिवसात पुरी करतात. काही जण साष्टांग दंडवत घालत जातात, त्यांना दोन-तीन आठवडे लागतात. दिरापुकच्या वाटेवर एक वृद्धा माझ्या शेजारी दगडावर टेकली. माझ्या हातातील नवकारवाळी तिने पाहिली, आपली माळ काढून माझ्या माळेशेजारी धरली आणि हसली. दोन्हींत मणी एकशे आठ. तिला मला काही सांगायचे होते, मलाही तिला पुष्कळ विचारायचे होते. दोघांत एकही समान शब्द नव्हता, आणि आमचा वाटाड्या स्थानिकांशी फार बोलू नका असे आधीच बजावून चुकला होता. तिने मूठभर भाजलेल्या जवाचे पीठ माझ्या हातावर ठेवले. त्याला ते त्साम्पा म्हणतात. आपल्या सातूच्या पिठाचा भाऊच तो. पाच मिनिटांनी ती उठून चालू लागली.

तिबेट पाहून आलो, पण तिबेटी माणसाशी बोललो नाही, ही रुखरुख घेऊन मी परतलो. ती फिटली गोंदिया जिल्ह्यात.

त्याआधी थोडा इतिहास सांगितला पाहिजे, आणि तो आपल्या व्यवसायाच्या भाषेत सांगता येतो. हिमालयाच्या दोन्ही बाजूंचा व्यापार शेकडो वर्षांचा. जोहार, दारमा, ब्यांस या कुमाऊँच्या खोऱ्यांतले व्यापारी उन्हाळ्यात खिंडी उघडल्या की मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर धान्य, गूळ, कापड लादून तकलाकोट आणि ग्यानिमाच्या मंडीत जात. येताना लोकर, मीठ आणि टाकणखार आणत. प्रत्येक व्यापाऱ्याचा पलीकडे ठरलेला एक मित्र असे. करार कसा होई? एक दगड फोडून त्याचे दोन तुकडे करीत, एकेक दोघांकडे राही. पुढे तुकड्याला तुकडा जुळला की व्यवहार पक्का. मुद्रांक नाही, नोटरी नाही. पूर्वेला कालिम्पाँगच्या वाटेने लोकर येई आणि तिथे आपल्या मारवाडी पेढ्या होत्या. २९ एप्रिल १९५४ रोजी भारत-चीन करार झाला, त्याने पंचशीलाचा उच्चार केला हे शाळेत शिकवतात. तो मूळचा तिबेटशी व्यापार आणि यात्रा यांविषयीचा करार होता, हे सहसा शिकवत नाहीत. १९६२ मध्ये त्याची मुदत संपली आणि त्याच वर्षी युद्ध झाले. लिपुलेखमार्गे व्यापार पुन्हा सुरू व्हायला १९९२ उजाडले.

दरम्यान १० मार्च १९५९ रोजी ल्हासात उठाव झाला, आठवड्याभरात दलाई लामा वेष बदलून निघाले आणि ३१ मार्चला भारताच्या हद्दीत आले. त्यांच्यामागून सुमारे ऐंशी हजार लोक आले. त्यांतल्या हजारोंना हिमालयातील रस्तेबांधणीवर काम मिळाले. चार हजार मीटरवर जगलेली माणसे भारताच्या पावसात आणि उकाड्यात फार आजारी पडली. मग पंडित नेहरूंनी राज्यांकडे जमिनीसाठी शब्द टाकला. त्या वेळच्या म्हैसूर राज्याने मोठे मन दाखविले आणि बैलकुप्पे येथे पहिली मोठी वसाहत उभी राहिली. श्रवणबेळगोळ करून म्हैसूर आणि कूर्गला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनी तेथील नामद्रोलिंग मठातील तीन प्रचंड सोनेरी मूर्ती हमखास पाहिलेल्या असतात. त्यांच्यासमोर फोटोही काढलेले असतात. आपल्या विदर्भातही अशी एक वसाहत आहे, महाराष्ट्रातील एकमेव, हे मात्र शंभरात पाचांनाही माहीत नसते. नोर्ग्येलिंग तिचे नाव. १९७२ मध्ये त्या वेळच्या भंडारा आणि आताच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगाव-प्रतापगडच्या परिसरात ती वसली.

२०२३ च्या डिसेंबरात मी तेथे गेलो. पहाटे बडनेऱ्याला येणारी विदर्भ एक्स्प्रेस पकडली की दुपारच्या आत गोंदिया. तेथून बल्लारशाह मार्गावरची गाडी सौंदडवरून अर्जुनीला नेते. हा झाडीपट्टीचा मुलूख, कापसाच्या वऱ्हाडाहून अगदी वेगळा. धान कापून झालेले, शेतांत पुंजणे रचलेले, मधूनमधून तलाव आणि बोड्या. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला नवेगावचा प्रसिद्ध बांध येथून जवळच. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळे तो मराठी वाचकाला घरबसल्या माहीत झाला. गोठणगावला गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण आहे. साग, बांबू आणि मोहाच्या बुटक्या डोंगरांमध्ये ते निळे पाणी पसरलेले. मानसरोवराशी तुलना करण्याचा मोह मी आवरला. पण एवढे सांगतो की साडेतीन-चार हजार मीटरवरून उतरून तीनशे मीटरच्या आसपास येऊन पडलेल्या माणसाला, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो अशा जागी, या पाण्याचा आधार वाटला असेल.

वसाहतीत शिरताच आधी दिसल्या पताका. निळी, पांढरी, लाल, हिरवी, पिवळी. पाच हजार मीटरच्या खिंडीत पाहिलेल्या त्याच क्रमाने, इथे मोहाच्या झाडाला बांधलेल्या. मग लक्षात आले, घरामागून घर कुलूपबंद आहे. अंगणे झाडलेली, तुळईला मक्याची कणसे टांगलेली, पण माणूस नाही. शेवटी मणिचक्रे फिरवीत बसलेले एक ऐंशीचे गृहस्थ भेटले. उत्तम हिंदी आणि कामापुरती मराठी बोलत होते. मी अमरावतीकडून आलो म्हटल्यावर ते मोठ्याने हसले. म्हणाले, "तुम्ही आम्हाला भेटायला इथे आलात, आणि आमची मुले तुमच्याकडे गेली आहेत. दिवाळीनंतर इथे म्हातारे आणि लहान मुलेच उरतात."

त्यांचा धाकटा मुलगा आणि सून त्या वेळी अकोल्यात स्वेटरचे दुकान लावून होते.

पा-ला, म्हणजे बाबा. तिकडे वडिलधाऱ्यांना असेच म्हणतात, मीही तेच म्हणू लागलो. सोळाव्या वर्षी ते हिमालय ओलांडून आले. हिमाचलात रस्त्यावर दगड फोडले. एकोणतिसाव्या वर्षी येथे आले तेव्हा जंगल तोडून शेत करायचे होते, आणि त्यांच्यातल्या कोणी जन्मात भाताचे रोप पाहिलेले नव्हते. रोवणी त्यांनी शेजारच्या गावातल्या बायांकडून शिकली. पहिल्या उन्हाळ्यात ओली पोती अंगावर घेऊन पडून राहत, असे त्यांनी सांगितले. "ल्हासा आठवते का?" असे मी विचारले. ल्हासा त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. ते पश्चिमेकडच्या मेंढपाळांतले. कैलास मात्र पाहिलेला, वडिलांच्या खांद्यावर बसून. मी २०१८ चा माझ्या मोबाइलमधला फोटो दाखविला. त्यांनी तो कपाळाला लावला आणि बराच वेळ परत दिला नाही.

त्यांनीच मला गोम्पात नेले. चपला बाहेर काढायच्या, प्रदक्षिणा उजवीकडून, सगळे आपल्यासारखे. आत शाक्यमुनींची मूर्ती, रेशमी कापडावरील थांका चित्रे, दलाई लामांच्या तसबिरीपुढे रिकामे आसन, आणि दिव्यांची ओळ. याकचे लोणी इथे कोठून मिळणार? दिव्यांत वनस्पती तूप होते. अशा गोम्पांच्या दाराशी बहुधा भवचक्राचे चित्र असते. यमाने दातांत आणि नखांत धरलेले एक मोठे चाक, त्याच्या आसापाशी कोंबडा, साप आणि डुक्कर. कोंबडा राग, साप द्वेष, डुक्कर मोह. आपल्या मंदिरांच्या भिंतींवर मधुबिंदूचे चित्र असते. विहिरीवरच्या फांदीला लोंबकळणारा माणूस, खाली अजगर, फांदी कुरतडणारे काळा आणि पांढरा असे दोन उंदीर, आणि वरून पडणारा मधाचा थेंब. चित्रकार वेगळे, पण राग-द्वेष-मोह हे तीनही शब्द जसेच्या तसे दोघांच्या घरात आहेत. दोन्ही श्रमणांची कुळे मगधातल्या एकाच मातीतली, हे पुस्तकात वाचले होते.

आपल्या घरांत यावर लगेच एक प्रश्न येतो. ते लोक मांसाहारी आहेत ना? आहेत. जेथे जवाशिवाय काही पिकत नाही आणि वर्षातले सहा महिने जमीन गोठलेली असते, तेथे हजार वर्षांत जी सवय लागली ती आहे. दक्षिणेतील अनेक मोठ्या मठांच्या सामुदायिक स्वयंपाकघरांतून मांस बंद झाले आहे. आणि त्यांच्यात त्सेथार नावाचे एक पुण्यकर्म आहे. कसायाकडे जाणारा जीव पैसे देऊन सोडवायचा आणि आयुष्यभर त्याला मारायचे नाही. पा-लांनी हे सांगितले तेव्हा मी त्यांना आपल्या पांजरपोळीविषयी सांगितले. ते म्हणाले, "मग तुम्ही आमचेच." आम्ही दोघेही थोडे वाढवून बोलत होतो, पण ते ऐकायला गोड वाटले. सूर्य कलू लागला होता, म्हणून माझ्या डब्यातील दशमी आणि खाकरा आम्ही दोघांनी तेथेच खाल्ला. खाकरा त्यांना फार आवडला. लोणी-मिठाच्या चहात चुरून खाल्ला, तेवढे सोडून बाकी रीत आपलीच.

आता ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला त्या गोष्टीकडे येतो. स्वेटर.

हा व्यवसाय त्यांनी साठच्या दशकात हाताने विणलेल्या स्वेटरांपासून सुरू केला. रस्त्याच्या कामावरून सुटल्यावर बायका विणीत आणि हिवाळ्यात शहरात विकीत. पुढे मागणी वाढली आणि ते तयार मालासाठी लुधियानाला गेले. लुधियानाचा होजिअरी व्यवसाय कोणी उभा केला, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. तेथील ओसवाल घराण्यांचा त्यात फार मोठा वाटा आहे. ओसवाल वूलन मिल्स १९४९ ची आणि एका मोठ्या उद्योगसमूहाचे तर नावच वर्धमान. तिबेटी लोक लुधियानाच्या व्यापाऱ्याला लालाजी म्हणतात. भाद्रपद-आश्विनात ते लालाजीकडे जातात, थोडी रक्कम आगाऊ ठेवतात आणि बाकीचा माल उधारीवर उचलतात. कार्तिकात दुकान लागते. माघात, त्यांच्या नववर्षाच्या म्हणजे लोसरच्या आधी, हिशेब चुकता होतो. तारण काही नाही.

मी छत्तीस वर्षे बँकेत काढली, त्यातली बरीच कर्ज विभागात. एका शाखेत असताना असाच एक तिबेटी व्यापारी हंगामी कर्जासाठी आला होता. माणूस नीटनेटका, वह्या स्वच्छ, सात वर्षांची खरेदी-विक्री तोंडपाठ. पण घराची जमीन शासनाची, शेत शासनाचे, आणि ओळखपत्र म्हणजे परदेशी नागरिकाचे नोंदणीपत्र, जे वेळोवेळी नवे करून घ्यावे लागते. नियमाने कर्ज बसत नव्हते, दिले गेले नाही. त्याने नमस्कार केला आणि गेला. त्या हिवाळ्यातही त्याचे दुकान लागले, कारण लुधियानाच्या लालाजीने त्याला माल दिला होता.

पा-लांना मी विचारले, "एखाद्याने बुडवले तर?" ते म्हणाले, "एकाने बुडवले तर पुढच्या वर्षी सगळ्या कॅम्पकडे लालाजी संशयाने पाहील. म्हणून कोणाला जमले नाही तर बाकीचे बघतात." बँकेच्या भाषेत याला संयुक्त दायित्व म्हणतात. बचत गटांच्या निमित्ताने आम्ही ते नव्वदच्या दशकात परिपत्रके वाचून शिकलो. करोनाच्या हिवाळ्यात बहुतेक गावांत त्यांचे बाजार भरले नाहीत. कमाई नाही म्हणजे येणेही थकले. तरी दुसऱ्या वर्षी लालाजींनी माल दिला. जोहारच्या व्यापाऱ्याने दगडाचा अर्धा तुकडा जपून ठेवावा, तसा हा व्यवहार आहे. फरक एवढाच की त्यातला एक तुकडा आता आपल्या समाजबांधवांच्या पेढीवर आहे.

हे सांगण्याचे कारण असे. दरवर्षी दिवाळी झाली की आपल्याकडच्या एखाद्या गावात व्यापारी मंडळाच्या बैठकीत विषय निघतो, की या स्वेटरवाल्यांना जागा देऊ नये. अर्ज लिहिले जातात, आणि अर्जाखाली आपल्यापैकी अनेकांच्या सह्या असतात. तक्रारीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. बारा महिने भाडे, वीज, नोकर आणि जीएसटी भरणाऱ्या दुकानदाराला तीन महिन्यांत येऊन हंगाम नेणारा माणूस खुपणारच. नगरपालिकेने मैदानाचे भाडे वाजवी आणि वेळेवर घ्यावे, पक्की बिले मागावीत, रहदारीच्या रस्त्यावर दुकान लागू देऊ नये, हे सगळे रास्त आहे. पण गावातच येऊ देऊ नका, ही मागणी मला मान्य नाही. २०१४ मध्ये केंद्र सरकारने तिबेटी पुनर्वसनाचे धोरण जाहीर केले, त्यात त्यांना व्यापाराचे परवाने देण्याविषयी राज्यांना स्पष्ट सांगितले आहे. आणि त्या मैदानावर विकला जाणारा स्वेटर कोणाच्या गिरणीत विणला गेला हेही सही करण्याआधी पाहावे. मैदान रिकामे झाले तर आपल्या दुकानातील रेडिमेड कपड्यांची विक्री वाढेल, हा हिशेबही मला जुळत नाही. गिऱ्हाईक मोबाइलवर मागवील. आपले दुकान आणि त्यांचे दुकान, दोघांचा खरा प्रतिस्पर्धी आता तोच आहे, आणि हिवाळाही पूर्वीसारखा कडक पडत नाही.

त्या कुलूपबंद घरांपैकी सगळी हंगामापुरती बंद नव्हती, हे मला परत निघताना कळले. काही कायमची बंद आहेत. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच भारतीय नागरिक ठरतो, आणि हा नियम तिबेट्यांनाही लागू आहे, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले. त्यानंतर अनेकांनी पारपत्रे काढली. पण तरुण मंडळी पारपत्र असो वा नसो, युरोप, न्यूयॉर्क, टोरांटो असे कुठे कुठे जात आहेत. स्वेटरचा धंदा करायला मुलगा तयार नाही, सून तर नाहीच. पा-लांचा थोरला मुलगा कॅनडात आहे. "तिकडे बर्फ पडतो," ते म्हणाले, "त्याला घरच्यासारखे वाटत असेल. मला आता बर्फ सोसणार नाही. मी भंडाऱ्याचा झालो." गोंदिया जिल्हा वेगळा होऊन पंचवीसहून अधिक वर्षे झाली, तरी ते अजून भंडाराच म्हणतात. बडनेऱ्याच्या आमच्या जुन्या वस्तीत वरच्या मजल्यावरचे दिवे ज्या घरांत लागत नाहीत, त्यांतली मुले पुणे, बंगळूर आणि न्यू जर्सीत आहेत. त्या घरांतल्या म्हाताऱ्यांची वाक्येही अशीच असतात.

ज्यांना जावयाचे आहे त्यांच्यासाठी थोडे व्यावहारिक. भारतीय नागरिकाला कोणताही परवाना लागत नाही. परदेशी पाहुणा बरोबर असेल तर त्याला मात्र केंद्राची परवानगी आधी काढावी लागते. मुक्काम नवेगावबांधला करावा. आपले जेवण बरोबर न्यावे, सूर्यास्ताआधी आटोपता येते. गोम्पात फोटो काढण्यापूर्वी विचारावे. प्रतापगडची महाशिवरात्रीची यात्रा आणि लोसर बहुधा एकमेकांच्या आगेमागेच, फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. तोवर स्वेटरवाले हिशेब चुकवून परतलेले असतात, आणि घरांची कुलुपे निघालेली असतात. जाताना खाकऱ्याचे चार पुडे जास्त घ्यावेत.